घरात पाणी शिरलं अन् जीडीपी वाढला

बर्डीचा_बेंच

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. अंबाझरी तलाव भरून वाहायला लागला, नागनदीने पात्र सोडलं आणि आमच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी. फ्रीज तरंगत होता. थापा मारत नाही, भरलेला फ्रीज हॉलमधून निघून देवघराच्या दारात जाऊन अडकला. आई पलंगावर उभी, एका हातात बाळकृष्ण, दुसऱ्या हातात विम्याच्या पावत्यांची पिशवी.

दिवाळीपर्यंत नवा फ्रीज आला, दोन गाद्या, सोफा, सगळं वायरिंग, ओल गेल्यावर रंग. गाडीचं इंजिन खोललं. आईच्या छातीत कफ झाला, चार दिवस दवाखाना. वहीत हिशोब आहे, दोन लाख चाळीस हजार. एफडी मोडली. आता गंमत पाहा. यातलं एकूण एक बिल देशाच्या जीडीपीत जमा झालं. मोडलेली एफडी, खराब झालेलं सामान आणि आईची तब्येत याला मात्र तिथे रकानाच नाही.

ज्या सायमन कुझनेट्सने १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब करून दिला, त्याने त्यातच बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही ते ठरवू नका. नव्वद वर्षं झाली, आपण तेच ठरवून राहिलो.

धागा काढायचं कारण असं की आता एकेक संकट सुटं येत नाही. युक्रेनमध्ये २०२२ ला युद्ध पेटलं, गॅस महागला. युरिया गॅसपासूनच बनतो. इथे शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपयांत मिळत राहिली, वरचा बोजा सरकारी तिजोरीवर. तिजोरीतून तिकडे गेलेला पैसा कुठल्या तरी नाल्याच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या वाट्याचा असणारच. तोच युरिया जास्त पडला की विहिरीच्या पाण्यात नायट्रेट. वीज कोळशाची, कोळशाने हवा तापते, तापली की एसी, एसीला पुन्हा वीज. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी आवळते.

तर या गुंत्याला धरून अर्थव्यवस्था वेगळी चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? डोनट, डीग्रोथ (म्हणजे वाढच आवरा), सगळ्यांना दरमहा पैसे, सहकार, कुमारप्पांचं गांधीवादी अर्थशास्त्र... नावं मी पण वाचलीत. नागपूरच्या माणसाला कळेल असं कुणी सांगेल काय?

मिहान_नाइटशिफ्ट

डोनट मी सांगतो दादा, पण आपल्याकडे त्याला मेदूवडा म्हणू. वड्याचं भोक म्हणजे जिथे माणसाला अन्न, पाणी, घर, शिक्षण, मताचा अधिकार पुरेसा मिळत नाही ती जागा. डोनट मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ केट रॅवर्थने अशा १२ गोष्टी धरल्यात. वड्याची बाहेरची कड म्हणजे पृथ्वीची सहनशक्ती, त्याच्या ९ मर्यादा शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडल्या. भोकात कुणी पडायचं नाही आणि कडेच्या बाहेर तेलात जायचं नाही. सगळ्यांनी वड्यात राहायचं. २०२३ च्या मोजणीत ९ पैकी ६ मर्यादा ओलांडल्या होत्या, २०२५ मध्ये समुद्राचं आम्लीकरण धरून ७ झाल्या. ॲम्स्टरडॅमने २०२० मध्ये, ऐन कोविडात, शहराचं नियोजन यावर करायचं ठरवलं.

बाकी रात्रपाळीत बसून हे टाइप करून राहिलो आणि बाहेर मेदूवडा मिळत नाही, फक्त तर्री पोहे.

खतावणी

धागाकर्ते, पुराचं वाईट वाटलं. पण तापमापीने वजन दाखवलं नाही म्हणून तापमापी फोडायची नसते. जीडीपी वर्षभराचा प्रवाह मोजतो, साठा मोजतच नाही. आणि तुमच्या पुरात चार दिवस बंद राहिलेल्या दुकानांचं बुडालेलं उत्पन्न त्याच जीडीपीतून वजा झालं, ते तुम्ही सोयीने गाळलं. ३१ वर्षं बँकेत काढली, ताळेबंदाची एकच बाजू वाचणारे खूप पाहिले.

डीग्रोथ हा पोट भरलेल्यांचा उपास आहे. अमेरिकेचा माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला दोनेक टन. त्याने कमी करावं, जरूर करावं. चीनने चाळीस वर्षांत ८० कोटींच्या जवळपास माणसं हलाखीतून वर काढली, ती वाढ करूनच. गडचिरोलीतल्या अहेरीच्या पोराला "आता वाढ पुरे" हे धरमपेठेत बसून सांगायला जीभ कशी उचलते? मला पर्याय नको असं नाही. आधी पगार, पेन्शन आणि कर्जाचे हप्ते त्या पर्यायात कुठून येणार ते सांगा.

पऱ्हाटी_काटोल

खतावणी साहेब, हप्त्याचं तुम्ही बरं काढलं. माह्या कापसाचं ऐका.

२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. कपड्याच्या गिरण्या घाबरल्या, तर इकडे सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरपर्यंत म्हणे, मंग डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात यायच्या टायमाले. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८,११०. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की परत. आन् ऑक्टोबरात पाणी पडल्यावर ओलावा कमी कुठून आणू? छतावर तीन दिवस वाळवला, बायको रात्री ताडपत्री झाकाले उठे. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याले देला ६,८०० नं. वेचणीच गेली किलोमागं दहा-बारा रुपये.

वॉशिंग्टनात कोणी काही बोललं की माह्या छतावरचा कापूस स्वस्त होते. हे तुमचं जागतिक संकट, दुसरं काय रायते?

पण एक सांगतो, कोणी मले उद्यापासून खत-औषध सोड म्हणन तर मी ऐकणार नाही. श्रीलंकेनं २०२१ मध्ये एका झटक्यात रासायनिक खतं बंद केली, धान पडलं, सहा-सात महिन्यांत फिरवावं लागलं. २०१७ ले यवतमाळात फवारणीनं माणसं मेली तेव्हापासून मीबी औषधाले भेतो. म्हून तीन एकरातलं अर्धा एकर तुरीसंगं बिनखताचं लावतो. पाचवं वर्ष आहे. उतारा कमी येते, खर्च त्याहून कमी येते. पण ते अर्धा एकर माह्या उरलेल्या अडीच एकराच्या जीवावर चालते, हे कोणत्याच चर्चासत्रात सांगत नाहीत.

वेणू_मानेवाडा

खतावणीकाका, पैसे कुठून येणार याचं एक उत्तर तुमच्याच जुन्या पगारपत्रकात आहे. व्यवसाय कर, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मी शाळेच्या ऑफिसात पगारबिलं करते. दर फेब्रुवारीला कुणी ना कुणी खिडकीशी येऊन विचारतंच, मॅडम, यावेळी शंभर जास्त काहून कापले?

हा कर १९७५ मध्ये आपल्या राज्याने लावला तो रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना. काम मागणाऱ्याला काम द्यायची जबाबदारी सरकारवर, आणि खर्चाचा वाटा शहरातल्या पगारदारावर. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. आता परदेशातले अर्थतज्ज्ञ "जॉब गॅरंटी" म्हणून जे नवीन सांगतात ते आमची आजी खडी फोडत जगून गेली. तिच्यासाठी तो पर्यायी वगैरे काही नव्हता, हजेरीपटावरचा अंगठा होता.

खडी फोडण्यात भूषण काही नव्हतं हेही सांगते. तळव्याला घट्टे होते तिच्या, मरेपर्यंत. पण त्या वर्षी घरातली म्हैस विकली नाही.

खतावणी

वेणूताई, हे मान्य. आणि कबूल करतो की ३१ वर्षं ते २०० रुपये कापून घेतले, कशासाठी ते कधी विचारलं नाही.

मामातलाव

नमस्कार. उशिरा लिहितो आहे. निवृत्त शिक्षक, मूळ गाव साकोलीकडचं, आता मुलाकडे नागपुरात.

इथपर्यंतच्या चर्चेत दोनच मालक दिसले, बाजार आणि सरकार. तिसऱ्याची आठवण कुणी काढली नाही म्हणून लिहितो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारा जमीनदार), लोकांच्या तोंडी मामा तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधला तर आजही कोलू पाटील कोहळ्याचं नाव घेतात. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिथून पुढच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं कुठे.

माझ्या लहानपणी आजोबा सांगत, ज्याच्या जितक्या बांध्या तितके दिवस त्याने वैशाखात गाळ काढायला यायचं. पाणी सोडायला गावाने नेमलेला एक माणूस असे. त्याला पैसे नाहीत, खळ्यावर धान. त्याने पाटलाच्या बांधीत अर्धा तास जास्त पाणी सोडलं तर बोभाटा व्हायचा, कारण धान सगळ्यांकडून मिळायचं होतं. गाळ शेतात जाई, तलाव खोल राही, ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, मरळ मिळे, आणि पाळीवरची मोहाची झाडं सगळ्यांची. अन्न, पाणी, माती, रोजगार असे चार वेगळे विभाग नव्हते.

ते सगळं रामराज्य होतं असं म्हणणार नाही. मालगुजार हा मालगुजारच होता, वेठ होती, आणि तलावाच्या कुठल्या घाटावर कुणी पाणी भरायचं हे जातीने ठरलेलं होतं. ते गेलं ते बरंच झालं. पण १९५१ साली मालगुजारी गेली (तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, हे आमच्या नातवाला खरं वाटत नाही) आणि तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावाने पाणी-चारा वापरायचे, हक्क कागदावर राहिले, गाळ काढायची पाळी मात्र सुटली. लोक म्हणाले, तलाव सरकारचा, सरकार काढेल. सरकारकडे माणूस नाही. मग बेशरमाची झुडपं माजली, अतिक्रमण आलं, आणि ज्या तलावावर माझे वडील पोहायला शिकले तिथे मागच्या मे महिन्यात मी चपला घालून पलीकडे चालत गेलो.

अलीकडे काही गावांत ढिवर बायांनी बेशरम उपटून तळ नांगरला, देशी पाणवनस्पती परत लावल्या. मासे परतले, पक्षीही. ते पाहिल्यावर वाटलं की हरवलं होतं ते पाणी नव्हे, पाळी होती.

मिहान_नाइटशिफ्ट

सर, हेच एलिनॉर ऑस्ट्रॉमने मांडलंय. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणारी पहिली बाई. त्याआधी असं धरलं जायचं की सामायिक कुरण असेल तर जो तो जास्त गुरं चारणार आणि कुरण संपणार, म्हणून एक तर खासगी करा नाही तर सरकारी. तिने स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाट, नेपाळचं सिंचन पाहिलं आणि दाखवलं की लोक शेकडो वर्षं सामायिक गोष्ट नीट चालवतात. अट अशी की हद्द ठरलेली हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच हवा, आणि शिक्षा पहिल्यांदा छोटी, मग वाढत जाणारी. तुमच्या खळ्यावरच्या धानात हे सगळं आलं की.

मामातलाव

वा! २००९ म्हणालात म्हणून सांगतो. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २००६ च्या कायद्याखाली. स्टॉकहोममध्ये बाईंना पदक आणि धानोरा तालुक्यात गोंडांच्या गावाला कागद. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा होता, आणि बांबू गवत की झाड यावर दोन वर्षं गेली. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, एकमत होईपर्यंत बसतात.

मी एकदा अशा बैठकीला बसलो होतो. तासभर कुणी काही बोललंच नाही, मग एका म्हातारीने बांबूच्या कोवळ्या कोंबांविषयी काही विचारलं आणि त्यावर दुपार गेली. शहरातला माणूस असता तर घड्याळ पाहून उठला असता. मीही पाहिलं, उठलो नाही इतकंच.

खतावणी

सर, तुमच्याशी वाद घालायला संकोच वाटतो, पण घालतो. मेंढा शंभरेक घरांचं गाव, सगळे एकमेकांचे सोयरे. नागपुरात तीसेक लाख लोक. एकमत होईपर्यंत कुठे बसवणार, कस्तुरचंद पार्कवर? आणि कार्बन डायऑक्साइड काही गावाच्या शिवेपाशी थांबत नाही. तलावाला पाळ आहे, हवेला कुठली पाळ? सामायिक मालकीचं तत्त्व लहान आणि जवळच्या गोष्टींना लागू पडतं. धाग्याचा विषय जागतिक आहे.

वेणू_मानेवाडा

काका, मोठ्या प्रमाणावर पण होतं, फक्त नीट होतं असं नाही. आपलंच उदाहरण. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं आणि तिथून रोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. आधी तिथे पेंच धरणाचं स्वच्छ पाणी लागायचं. देशात फार कमी शहरांनी हे केलंय. शहराचा मैला कामी आला, नदीत घाण कमी गेली, पेंचचं पाणी वाचलं. एका दगडात तीन पक्षी.

पऱ्हाटी_काटोल

आन् त्या पाण्यावर ताई कोळसा जळते. तीन संच ६६० मेगावॅटचे. चौथा पक्षी उलट्या दिशेनं उडून गेला.

वेणू_मानेवाडा

हो भाऊ, ते लिहितानाच डोक्यात आलं होतं. राख कोराडी-खापरखेड्याच्या लोकांच्या धुण्यावर पडते. माझी नणंद तिकडेच असते, पांढरं काही वाळत घालत नाही. म्हणूनच म्हटलं, नीट होतं असं नाही. पाणी कुठलं वापरायचं हे ठरलं तेव्हा नणंदेला कुणी विचारलं नव्हतं.

बर्डीचा_बेंच

वेणूताईंचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. खतावणी, तुमच्या तीस लाखांना उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या ४२ घरांच्या लेआउटचं सांगतो.

पुरानंतर सात महिन्यांनी, म्हणजे २०२४ च्या मे मध्ये, आमच्याकडे पाणी नव्हतं. तोच तो मे, ज्यात नागपूरच्या एका यंत्राने ५६ अंश दाखवले आणि नंतर कळलं की सेन्सर बिघडला होता. यंत्र खोटं निघालं तरी उकाडा खरा होता. नळाला पाणी यायचं सकाळी पाऊण तास, आणि शेवटच्या गल्लीत थेंबही नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, टुल्लू पंप. एकाने लावला म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लावला म्हणून तिसऱ्याने. ज्याने लावला नाही तो मूर्ख. ऑस्ट्रॉमच्या आधीचं सगळं अर्थशास्त्र आमच्या गल्लीत पाइपला जोडून ठेवलेलं होतं.

पथक आलं की पंप पोत्यात, गेलं की परत जोडणी. मग शेवटच्या गल्लीतल्या चार बायांनी एक केलं. नळ यायच्या वेळी बाहेर पडून प्रत्येक गेटपाशी थांबायचं. बोलायचं नाही काही, नुसतं थांबायचं. टुल्लूचा आवाज येतोच. तिसऱ्या दिवशी सात पंप बंद. मग गच्चीवर बैठक, पहिल्यांदा सापडला तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त घर नंबर, दुसऱ्यांदा ५०० रुपये, तिसऱ्यांदा लेआउटच्या बोअरचं पाणी आठ दिवस बंद. बैठक साडेतीन तास चालली, दोनदा मोडली, एकदा खुर्ची फेकली गेली. दंडाच्या २,५०० रुपयांतून पावसाळ्याआधी पावसाळी नालीवरचे पेव्हर ब्लॉक उचलून आतला गाळ काढला. पुन्हा तसा पाऊस आला तर ती नाली पुरणार नाही, हे माहीत आहे.

शेवटच्या गल्लीत आता वीस मिनिटं पाणी येतं. अजून दोन घरं ऐकत नाहीत.

मिहान_नाइटशिफ्ट

खुर्ची कुणी फेकली?

बर्डीचा_बेंच

ते ग्रुपवर ठरलंय, बाहेर सांगायचं नाही.

मामातलाव

गेटपाशी नुसतं थांबणं. आमच्याकडे पाणी सोडणारा माणूस बांधावर असाच बसून असे, विडी ओढत.

पऱ्हाटी_काटोल

आमच्याकडं नाल्यावर पंधरा मोटारी आहेत, सगळ्या रात्रीच्या. लाइन रात्री येते ना. तिथं कोण उभं राईन, बिबट हाय. पण दिवसा लाइन भेटली तं विचारू म्हणतो चौघांले.

खतावणी

कालपासून दोनदा लिहून खोडलं. माझ्या मुद्द्यांवर मी कायम आहे, हवेला पाळ नाही आणि अहेरीच्या पोराला वाढ हवी.

टुल्लू आमच्याकडेही आहे. जिन्याखाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे. सौ. म्हणते आधी बाकीचे काढू देत. तुमच्या त्या चार बायांनी पहिलं गेट कसं निवडलं, तेवढं सांगा.